डिशवॉशरमधून भांडी स्वच्छ का निघत नाहीत? कोल्हापूरच्या घरांसाठी प्रश्नोत्तरं

मशीन दोन-तीन तास चालतं, पाणी भरल्याचा आणि सोडल्याचा आवाज येतो, दार उघडलं की वाफही येते. आणि तरी वाटीच्या काठाला लाल ओशट रेघ, काचेच्या ग्लासवर पांढरट धूसरपणा, ताटात मोहरीचे चार दाणे. अशा वेळी मशीनच खराब निघालं असं वाटणं साहजिक आहे. पण बहुतेकदा दोष पाण्यात, जाळीत, भांडी लावण्यात किंवा पावडरीत असतो, आणि तो घरच्या घरी काढता येतो. त्यासाठी भांड्यावर नेमकं काय उरलंय, ते आधी ओळखायला हवं.

सुरुवात कुठून करायची?

धुतलेला एक काचेचा ग्लास, एक स्टीलची वाटी आणि एक चमचा खिडकीच्या उजेडात घ्या. भांडं पूर्ण कोरडं असू द्या, कारण ओल्या भांड्यावर क्षार दिसत नाहीत. मग बोट फिरवा.

बोट ओशट झालं, तर पाणी पुरेसं तापलं नाही, पावडर कमी पडली किंवा जाळी तुंबली आहे. हाताला खरखरीत लागलं, तर पाणी जड आहे, म्हणजे त्यात क्षार जास्त आहेत. दाणे, कण, कोथिंबिरीचे तुकडे चिकटले असतील, तर फवाऱ्याचे पंखे (भांड्यांवर पाणी उडवणारे फिरते दांडे) किंवा खालची जाळी बघा. एकाच कप्प्यातली भांडी खराब निघत असतील, तर त्या कप्प्याच्या पंख्याला पाणी मिळत नाही किंवा त्याला काहीतरी अडतंय. सगळीच भांडी सारखी खराब निघत असतील, तर कारण पाणी, उष्णता किंवा पावडर यांतलं आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. मीठ (पाणी मऊ करायला मशीनच्या टाकीत भरतात ते), पावडर आणि प्रोग्रॅम एकदम बदलले, तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

काचेच्या ग्लासवर पांढरा थर येतो. तो क्षारच असतो का?

नेहमी नाही. दिसायला सारखे असे चार वेगळे प्रकार असतात आणि प्रत्येकाची परीक्षा सोपी आहे.

ग्लासच्या एका बाजूला लिंबाची फोड चोळा किंवा व्हिनेगरचा बोळा पाच मिनिटं ठेवा. तेवढाच भाग लख्ख झाला, तर तो क्षार आहे. पुढचा प्रश्न वाचा.

लिंबाने काही झालं नाही, तर त्या थरावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. थेंब निळा-काळा पडला, तर ते पिठूळ स्टार्च आहे. भाताचं पातेलं, पेज, आंबिलीची भांडी रोज मशीनमध्ये जात असतील, तर हे हमखास दिसतं. भाताची भांडी फार वेळ वाळू देऊ नका, आणि ज्या पावडरीत स्टार्च तोडणारं एन्झाइम आहे अशी पावडर वापरा. चाचणी झाल्यावर ग्लास साबणाने धुऊन घ्या.

थर पावडरीसारखा सुटतो आणि जिभेला खारट लागतो, तर मिठाच्या टाकीचं झाकण नीट बसलेलं नाही आणि खारं पाणी धुण्याच्या पाण्यात मिसळतंय. झाकण काढा, आट्यांमध्ये अडकलेले मिठाचे खडे पुसा आणि सरळ धरून घट्ट लावा.

यांपैकी काहीच नाही, आणि उजेडात ग्लास इंद्रधनुषी किंवा दुधी दिसतो, तर काच स्वतःच झिजली आहे. ही झीज परत भरून येत नाही. फार मऊ पाणी, जास्त पावडर आणि फार गरम प्रोग्रॅम एकत्र आले की हे होतं. म्हणून मिठाचं सेटिंग, म्हणजे मशीनने पाणी किती मऊ करायचं तो क्रमांक, उगाच वर नेऊन ठेवू नये. नाजूक ग्लास कमी तापमानावर धुवा.

कोल्हापूरचं पाणी जड आहे का? मिठाचं सेटिंग किती ठेवायचं?

तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं त्यावर ते ठरतं. पंचगंगेचं किंवा काळम्मावाडी थेट पाइपलाइनचं पाणी घाटमाथ्याच्या पावसाचं, ते तुलनेने मऊ असतं. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपत येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त उतरतं. अनेक अपार्टमेंटमध्ये दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं, आणि उन्हाळ्यात बोअरचा किंवा टँकरचा वाटा वाढतो. त्यामुळे जानेवारीत ठीक असलेलं सेटिंग एप्रिलमध्ये अपुरं पडतं. भांडी अचानक पांढरट निघू लागली, तर आधी सोसायटीच्या वॉचमनला विचारा की टाकीत सध्या कुठलं पाणी पडतंय.

मोजण्यासाठी हार्डनेसची पट्टी वापरा. मत्स्यालयाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. आरओवाले जे मीटर बुडवून दाखवतात ते टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, मोजतं, जडपणा नाही. टीडीएसमध्ये साधं मीठही धरलं जातं, म्हणून त्या आकड्यावरून सेटिंग करू नका.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणाची इष्ट मर्यादा २०० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. पिण्यासाठी चालणारं पाणी काचेसाठी चालतंच असं नाही. हिशोब करून बघा: ४०० पीपीएमचं १० लिटर पाणी म्हणजे ४ ग्रॅम चुना, तोही एका धुण्यात.

मशीनच्या पुस्तिकेत जडपणा बऱ्याचदा जर्मन डिग्रीत दिलेला असतो. पट्टीवरचा पीपीएम आकडा १७.८ ने भागा. ३५० पीपीएम म्हणजे साधारण २० डिग्री. पुस्तिकेतल्या तक्त्यात २० समोर जो क्रमांक असेल तो मशीनमध्ये टाका. हे सेटिंग बहुधा मशीन बसवताना एकदाच केलं जातं, आणि पुढे वर्षानुवर्षं कुणी त्याला हात लावत नाही. पांढऱ्या थराच्या तक्रारीचं हे एक मोठं कारण आहे.

अनेक घरगुती मशीन साधारण ५० डिग्रीपर्यंत, म्हणजे ८९० पीपीएमच्या आसपास पाणी मऊ करू शकतात. पट्टी त्याच्या वर गेली, तर नळाला वेगळा सॉफ्टनर लागेल.

घरातलं स्वयंपाकाचं मीठ टाकलं तर?

नको. ते बारीक असतं, त्यात गठ्ठा होऊ नये म्हणून मिसळलेले पदार्थ असतात, आणि टाकीत त्याचा लगदा होतो. जाड्या मिठातही मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि माती असते, म्हणजे जे काढायचं तेच आत टाकल्यासारखं. डिशवॉशरचं खडेमीठच घ्या. पहिल्यांदा भरताना टाकीत आधी पाणी भरतात, मग मीठ, टाकीप्रमाणे साधारण एक-दीड किलो. पुढच्या वेळी फक्त मीठ. भरताना खारं पाणी बाहेर सांडतंच, ते स्टीलवर राहिलं तर गंजाचे डाग पडतात. म्हणून मीठ भरलं की लगेच एक प्रोग्रॅम लावा.

“सगळं एकात” असं लिहिलेली गोळी वापरली की मीठ लागत नाही, असं सांगितलं जातं. मऊ पाण्यात ते चालून जातं. बोअरच्या पाण्यात मीठ हवंच.

मिसळीचा कट, तांबडा रस्सा यांची भांडी ओशटच निघतात. काय करायचं?

कटाच्या वाटीकडे नीट बघा. रस्सा संपल्यावर काठाला लाल तेलाचा एक गोल राहतो, आणि तळाशी वाटलेलं सुकं खोबरं, तीळ आणि कांदा-लसूण मसाल्याचा गाळ बसतो. म्हणजे चरबी आणि दाणेदार वाटण, दोन्ही एकाच वाटीत. पांढऱ्या रश्श्यात खसखस आणि काजूची पेस्ट असते, ती वाळली की पापुद्रा धरते. मटणाची चरबी गार झाली की आणखी घट्ट होते.

म्हणून तीन गोष्टी करा. मशीनमध्ये टाकण्याआधी तवंग जुन्या वर्तमानपत्राने किंवा भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्या. पाण्याने धुऊ नका, फक्त पुसा. एका धुण्यात जेमतेम १०-१२ लिटर पाणी फिरतं, त्यात वाटीभर तेल गेलं तर तेच तेल बाकीच्या भांड्यांवर बसणार. दुसरं, त्या दिवशी इको प्रोग्रॅम लावू नका. इको साधारण ५० डिग्री सेल्सियसवर चालतो, इंटेन्सिव्ह किंवा कढईचा प्रोग्रॅम ६५-७० वर. तिसरं, पावडर वापरत असाल तर दारातल्या पावडरीच्या मुख्य कप्प्यात २५ ग्रॅमपर्यंत टाका, आणि पूर्वधुण्याच्या कप्प्यात किंवा दाराच्या आतल्या बाजूला आणखी एक छोटा चमचा. गोळीत हे प्रमाण वाढवता येत नाही, म्हणून ज्या घरात आठवड्यातून दोनदा मटण होतं तिथे पावडर जास्त सोयीची पडते.

जाळी कशी आणि किती दिवसांनी साफ करायची?

रोज मशीन चालत असेल तर आठवड्यातून एकदा. मटणाच्या जेवणानंतर दुसऱ्याच दिवशी.

खालचा कप्पा बाहेर काढा. तळाला मधोमध गोल दांडा दिसेल, तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून वर उचला. त्यात एक जाड जाळी आणि आत एक बारीक जाळी असते, आणि त्याभोवती सपाट पत्र्याची जाळी. तिन्ही सुटी करा. बारीक जाळीवर बोट फिरवलं की पिवळट, मेणचट साय हाताला येईल. ती नुसत्या पाण्याखाली धरून निघत नाही. भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, कोमट पाणी आणि जुना मऊ टूथब्रश घ्या. तारेची घासणी अजिबात नको, एक धागा तुटला तरी जाळी निकामी. धुतल्यावर उजेडासमोर धरा. प्रत्येक छिद्रातून उजेड दिसला पाहिजे. नंतर ती साध्या पाण्याने भरपूर विसळा, लिक्विड राहिलं तर फेस होतो.

जाळी बाहेर असताना खालच्या खड्ड्यात टॉर्च मारा. हाडाची किरच, लवंग, लिंबाची बी, फुटलेल्या काचेचा तुकडा तिथे सापडतो. मशीनचा प्लग काढून, चमच्याने आणि स्पंजने तो काढा. काच असू शकते, म्हणून उघड्या बोटांनी नको.

परत बसवताना दांडा खुणा जुळेपर्यंत आणि घट्ट लागेपर्यंत फिरवा. ही पायरी फार महत्त्वाची आहे. जाळी अर्धवट बसली, तर खरकटं तिच्या कडेने पंपात जातं आणि फवाऱ्यातून पुन्हा भांड्यांवर येतं. जाळी कालच साफ केली आणि आज भांड्यांवर कण दिसले, तर ती सैल बसलीय असं समजा.

वरच्या कप्प्यातलेच ग्लास खराब निघतात. का?

वरच्या पंख्याला पाणी कमी मिळतंय. पंखा हाताने फिरवा, तो सहज फिरला पाहिजे. मग काढा. काही मॉडेलमध्ये मधला नट फिरवावा लागतो, काहींमध्ये खाली ओढला की निघतो. कानाशी धरून हलवा. खुळखुळ आवाज आला, तर आत मोहरी किंवा जिरं आहे. भोकं लाकडी टूथपिकने आतून बाहेर ढकला आणि एका टोकाने नळाचं पाणी सोडून उरलेलं बाहेर काढा. भोकांच्या काठावर पांढरा खर साचला असेल, तर गरम पाण्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, विरघळवून पंखा अर्धा तास बुडवून ठेवा.

पंखा फिरतोय की नाही हे बघायला तो एका जागी ठेवा, जागा लक्षात ठेवा, प्रोग्रॅम सुरू करा आणि पाणी भरून फवारा सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटांनी दार हळूच उघडा. पंखा दुसऱ्या जागी असेल तर तो फिरतोय.

आपली भांडी या कप्प्यांत बसतच नाहीत. कशी लावायची?

कप्पे पाश्चात्त्य पद्धतीच्या चपट्या प्लेटसाठी बनलेले असतात आणि आपलं ताट काठाचं, ही अडचण खरी आहे. ताटं एक खाच सोडून उभी करा, तोंड मधल्या बाजूला. वाट्या मात्र जास्त त्रास देतात, कारण त्या एकात एक बसतात आणि आतल्या वाटीला पाणी लागतच नाही. प्रत्येक वाटी तिरकी, तोंड खाली, आणि दोन वाट्यांमध्ये बोट जाईल एवढी जागा ठेवा. आडव्या ठेवल्या तर खळग्यात घाण पाणी साचतं.

कढई, पातेलं, कुकर खालच्या कप्प्यात, उपडे. कुकरची शिट्टी आणि रबर काढून हाताने धुवा. मोठी कढई मधोमध पालथी घातली तर खालचा फवारा तिथेच अडतो आणि वर काही पोचत नाही, म्हणून ती कडेला ठेवा. डाव, पळी, झारा वरच्या कप्प्यात आडवे. खालच्या टोपलीत उभे ठेवले तर दांडा वरच्या पंख्याला अडतो. चमचे काही वर तोंड करून, काही खाली, नाहीतर ते एकमेकांना चिकटतात. सुरीचं टोक खाली.

सगळं लावून झालं की दोन्ही पंखे एकदा हाताने फिरवा. दहा सेकंदांचं काम, पण निम्मे प्रश्न इथेच सुटतात.

भांडी आधी विसळून टाकावीत का?

खरकटं काढा, विसळू नका. ज्या मशीनमध्ये पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सर आहे, त्याला ऑटो प्रोग्रॅमवर स्वच्छ पाणी दिसलं तर ते हलकं धुणं निवडतं आणि कढईवरचा करपलेला थर तसाच राहतो. रात्रीची भांडी सकाळी लावायची असतील, तर नुसतं विसळण्याचा छोटा प्रोग्रॅम लावून ठेवा.

गोळी अर्धवट विरघळते किंवा दारातल्या पावडरीच्या कप्प्यातच राहते.

बहुधा समोरच्या ताटाने किंवा परातीने कप्प्याचं झाकण अडवलेलं असतं. कप्पा ओला असताना पावडर टाकली तर तिचा खडा होतो, म्हणून तो पुसून घ्या. अर्ध्या तासाच्या झटपट प्रोग्रॅमला गोळी नीट विरघळत नाही, तिथे पावडर वापरा. आणि पावसाळ्यात कोल्हापूरच्या हवेत उघडं पाकीट आठवड्यात ओलं होतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, मोरीपासून लांब ठेवा.

चुकून भांड्यांचं लिक्विड टाकलं. आता?

प्रोग्रॅम रद्द करून पाणी सोडा. फेस झाला की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि फवाऱ्याचा जोर जातो. फेस मगाने काढा, गार पाणी ओता, पुन्हा पाणी सोडा. फेस थांबेपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागेल.

पावसाळ्यात भांडी जास्त खराब निघतात, असं का?

नदीला नवं पाणी आलं की नळाला गढूळ पाणी येतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहर टँकरवर आलं. अशा दिवसांनंतर टाकीच्या तळाशी गाळ बसतो आणि तो मशीनच्या पाइपाच्या तोंडाशी असलेल्या छोट्या जाळीत येऊन अडकतो. पाणी कमी भरतं, मशीन एरर दाखवतं किंवा कमी पाण्यातच धुतं. नळ बंद करा, प्लग काढा, पाइपाचा नट उघडा, जाळी पक्कडीने अलगद ओढून ब्रशने धुवा. पावसाळ्यात हे महिन्यातून एकदा. नळाला साधा सेडिमेंट (गाळ अडवणारा) फिल्टर लावला तर काम बरंच हलकं होतं. आरओचं वाया जाणारं पाणी मशीनला जोडू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात.

दाबही तपासा. बऱ्याच मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. गच्चीवरची टाकी नळापेक्षा ३ मीटर उंच असेल तर दाब ०.३ बारच्या आसपास येतो. म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावरचे फ्लॅट आणि बैठी घरं इथे अडचणीत येतात. दाब वाढवणारा छोटा पंप हा त्यावरचा उपाय.

व्होल्टेज कमी असेल तर फरक पडतो का?

पडतो, आणि अंदाजापेक्षा जास्त. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर २००० वॉटचा हीटर जेमतेम १२०० वॉटचं काम करतो. पाणी उशिरा तापतं, प्रोग्रॅम लांबतो, आणि काही मशीन ठरलेल्या वेळेनंतर तसंच पुढे सरकतात. स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर मशीन रात्री उशिरा किंवा दुपारी लावा.

सोलरचं गरम पाणी जोडलं तर वीज वाचेल का?

पुस्तिकेत परवानगी असेल तरच, आणि ६० डिग्रीच्या वर नाही. सुरुवातीलाच गरम पाणी आलं तर दूध, अंडं यांचा थर भांड्याला शिजून चिकटतो. दुपारी सोलरचं पाणी ६० च्या वर सहज जातं, त्यामुळे गार पाण्याची जोडणीच बरी.

भांडी ओली राहतात.

रिन्स एड, म्हणजे विसळताना वापरायचं द्रव, भरा. ते शेवटच्या विसळण्यात पाण्याचा थेंब पसरवतं आणि थेंब घरंगळून जातो. पातळ स्टील उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून चिनी मातीपेक्षा हळू वाळतं, आणि प्लास्टिक त्याहून हळू. प्रोग्रॅम संपल्यावर १५-२० मिनिटांनी दार चार बोटं उघडून ठेवा. आधी खालचा कप्पा रिकामा करा, नाहीतर वरचं पाणी खाली गळतं.

मशीनला वास येतो.

जाळी साफ करून, दाराच्या खालच्या रबराची घडी पुसून घ्या. तिथे पाणी पोचत नाही आणि काळी साय धरते. मग रिकामं मशीन पावडर टाकून सगळ्यात गरम प्रोग्रॅमवर चालवा. आत खर दिसत असेल तर दुसऱ्या दिवशी लिंबूसत्त्व घालून पुन्हा, किंवा डिशवॉशर क्लीनर. ब्लीच वापरू नका, स्टीलला खड्डे पडतात. वास तरीही राहिला तर सांडपाण्याचा पाइप बघा. तो सिंकखाली वर उचलून मग खाली वळलेला हवा, नाहीतर मोरीचं पाणी उलटं येतं.

कुठली भांडी टाकू नयेत?

बिडाचा आणि लोखंडी तवा, कल्हईची पितळी भांडी, तांब्याचे तांबे, लाकडी पोळपाट-लाटणं. लोखंड गंजतं आणि त्याचे कण दुसऱ्या स्टीलवर डाग पाडतात. ॲल्युमिनियमचं पातेलं अल्कलीने काळवंडतं आणि शेजारच्या ताटाला करडे ओरखडे देतं. तळाला करपलेलं दूध असलेलं पातेलं रात्रभर भिजवल्याशिवाय निघणार नाही, मशीन कितीही चांगलं असो.

प्लास्टिकच्या डब्यांवर मिरचीचा आणि हळदीचा रंग राहतो. ती घाण नसते. तो रंग तेलातून प्लास्टिकमध्ये मुरतो. हळदीचा डाग दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवला की बराच उतरतो.

टेक्निशियनला कधी बोलवायचं?

मुख्य धुण्याला अर्धा तास झाल्यावर दार सावकाश उघडून बघा. आतली भांडी आणि पाणी गारच असेल, तर हीटर किंवा तापमानाचा सेन्सर गेला आहे. पाणी भरतं पण फवाऱ्याचा आवाजच येत नाही, तर फिरवणारा पंप. तळाशी दरवेळी पाणी साचून राहतं आणि जाळी, पाइप दोन्ही मोकळे आहेत, तर पाणी सोडणारा पंप. फोन करताना मॉडेलचा क्रमांक, स्क्रीनवरचा एरर कोड, कुठला प्रोग्रॅम चालू होता, पट्टीवर जडपणा किती आला आणि जाळी शेवटची कधी साफ केली हे सांगा. मॉडेल क्रमांक बहुधा दाराच्या कडेवर चिकटवलेला असतो. एवढी माहिती हाताशी असेल, तर योग्य सुटा भाग पहिल्याच फेरीत येतो.